टाकीवर लिहिलंय

सभागृहाच्या भिंतीवर माझ्या आईचा फोन नंबर उमटला तेव्हा मी खुर्चीच्या खाली चिकटलेलं कुणाचं तरी जुनं च्युइंगम नखानं खरवडत होते. चिटणीसकाकांनी प्रोजेक्टर लावून आमच्या वसाहतीची वेबसाइट उघडली होती आणि "हे असं आहे बघा आपलं" म्हणत ते पान खाली खाली सरकवत होते. अगदी तळाशी एक ओळ होती. काही बदल असल्यास यांना कळवा. पुढे आईचं नाव, मग नंबर. स्क्रीनवर बोटभर दिसणारी ती ओळ भिंतीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पसरली होती, एकेक आकडा खिडकीएवढा. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "तो नंबर लागत नाही आता." अगदी साधेपणानं, जिन्यातला दिवा गेलाय म्हणावं तसं. "हो, म्हणजे, तेच तर," चिटणीसकाका म्हणाले आणि त्यांनी घाईघाईनं प्रोजेक्टरचा दिवा बंद केला. ते स्वभावानं चांगले आहेत, पण त्या अंधाराचा काही उपयोग झाला नाही. आकडे माझ्या पापण्यांच्या आतल्या बाजूला हिरवे होऊन बसले होते. शेजारी बाबांनी चष्मा काढून रुमालानं पुसायला घेतला. बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात आणि काय बोलावं ते सुचलं नाही की चष्मा पुसतात, स्वतःचा हाताशी नसेल तर समोरच्याच्या नाकावरचा काढून घेऊन पुसतात. आणि मग मला ऐकू आलं की एक मुलगी म्हणतेय, "मी करते. वेबसाइट मी करते." ती मुलगी उभी होती. तिचा आवाज खणखणीत होता. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या तेव्हा कळलं की ती मीच.

आता यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही, कारण या वर्षी मला सगळं येतं. गेल्या वर्षी विचारलं असतं तर मी पडद्यामागे जाऊन उभी राहिले असते. तेव्हा वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे. मग कॉम्प्युटरच्या बाईंचा घसा बसला आणि त्यांनी खुणेनं मला फळ्याकडे ढकललं, आणि मी आख्खा तास शिकवला, विनोदबिनोद करून. तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. जिन्यात गाते, दुकानात भाव विचारते, ओळख नसलेल्या कुत्र्यांशी बोलते. बाबा म्हणतात, "तुझ्यात कुणी नवीन सेल घातले का गं?" तर चिटणीसकाका म्हणाले, "वा! कर की. मात्र एक ठरवायचंय. सगळ्यांचं म्हणणं, डायनॅमिक करा, म्हणजे ज्याला जे लिहायचं ते तो आपलं आपण लिहील. नाहीतर आहे तशी स्टॅटिक ठेवायची आणि कुणीतरी एकानं सांभाळायची, तुझी आई सांभाळायची तशी. तू ठरव आणि पुढच्या सभेत सांग. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, आम्ही दोन्हीला टाळ्या वाजवू." लोक हसले. मीही हसले. तुझी आई सांभाळायची तशी, हे शब्द त्यांनी किती सहज मधे टाकले होते. घरी जाताना बाबा जिन्यात दोन पायऱ्या पुढे होते आणि त्यांची पाठ नेहमीपेक्षा हळू चढत होती. "जड जाईल का गं तुला?" त्यांनी मागे न बघता विचारलं. "छे," मी म्हणाले. "चुटकीसरशी."

बाईंना विचारलं तर त्यांनी हातातला खडू खाली ठेवला, म्हणजे विषय त्यांच्या आवडीचा होता. "स्टॅटिक पान म्हणजे वाढून झाकून ठेवलेलं ताट. केव्हाही ये, झाकण काढ, तेच ताट. थंड असेल, पण असेल. डायनॅमिक पान आधी नसतंच मुळी. तू दार वाजवलंस की आत कुणीतरी उठतं, डबे उघडतं, आत्ता घरात जे आहे त्यातून तुझ्यापुरतं करतं आणि आणून देतं. तू गेलीस की भांडी धुऊन पालथी." मी विचारलं, "आणि कुणी दार वाजवलंच नाही तर?" "तर पान नाही." "म्हणजे कुठेच नाही?" "कुठे असणार? डबे असतात ना आत. पण डबे म्हणजे काही जेवण नव्हे." बाईंना तो दाखला इतका आवडला की त्यांनी तो शेजारच्या वर्गात जाऊन पुन्हा सांगितला, मला भिंतीतून ऐकू आला. मी मात्र बाकावर बसून राहिले होते. मला ते झाकलेलं ताट दिसत होतं. आमच्या ओट्यावरचं, निळ्या काठाच्या झाकणाखालचं. आई उशिरा येणार असली की बाबा तिचं ताट तसं झाकून ठेवत. ती परगावी गेल्यावर पहिले काही दिवस त्यांनी तरीही ठेवलं, हात आपोआप गेला म्हणून, आणि सकाळी ते ताट कोण संपवतं यावर आम्ही दोघंही बोललो नाही.

आमच्या वेबसाइटला वसाहतीत कुणी वेबसाइट म्हणत नाही. टाकी म्हणतात. "टाकीवर बघितलंस का?" "टाकीवर टाकायला सांग." नवीन राहायला आलेले लोक गच्चीकडे बघतात. झालं होतं असं की आई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीची दशा तिला बघवेना. टाकी कधी धुणार, पाणी कधी नसेल, हे जिन्यात कागद लावून कुणी वाचेना, म्हणून तिनं एका सुट्टीत पुस्तक समोर ठेवून स्वतःच्या हातानं एक वेब पान लिहिलं. टाकी धुण्याची सूचना. ते लोकांना इतकं आवडलं की दुसरं पान हवं झालं. आईनं पहिल्या पानाची नक्कल केली आणि आतला मजकूर बदलला. तिसऱ्यासाठी दुसऱ्याची नक्कल. असं करत करत ढीगभर पानं झाली, पण ब्राउझरच्या खिडकीच्या माथ्यावर जे नाव दिसतं ते बदलायचं असतं, हे तिला बरेच दिवस कळलंच नाही. त्यामुळे काहीही उघडा, हरवलं-सापडलं उघडा, गच्चीची किल्ली कुणाकडे ते उघडा, मुलांना गणित कोण शिकवतं ते उघडा, माथ्यावर एकच नाव: टाकी धुण्याची सूचना. कुणाच्या तरी लग्नाच्या आमंत्रणाच्या पानावरसुद्धा तेच होतं. नवरदेवानं येऊन विचारलं होतं, "काकू, ही सूचना मला आहे का?" आई एवढी हसली होती की तिला खाली बसावं लागलं. तेव्हा तिला चूक कळली, पण तोवर नाव पडून गेलं होतं. "राहू दे आता," ती म्हणाली. "टाकीच बरी. वेबसाइट म्हटलं की लोक घाबरतात."

आणि रविवार. रविवारी सकाळी आमचं दार उघडंच असायचं, कारण टाकीवर काही यायला हवं असेल तर ते येऊन आईला सांगावं लागे. तसा नियमच होता, नियम कुणी केला नव्हता तरी. लोक चिठ्ठी देत नसत, फोनही करत नसत, येऊन बसत. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणमावशी ओठात टाचण्या धरून बोलत आणि आई त्यांना म्हणे, "आधी त्या काढा, माझ्या घरात तुम्ही काही गिळलंत तर मलाच निस्तरावं लागेल." खालचे बँडवाले आजोबा, आयुष्यभर ट्रम्पेट वाजवून आता दम लागतो म्हणून नुसतं पुसून ठेवणारे, दर आठवड्याला तेच सांगायला येत की संध्याकाळी कुणाला ऐकायचं असेल तर ते रेकॉर्ड लावतात. आई दर आठवड्याला ते नव्यानं लिही. मी तिच्या खुर्चीच्या दांडीवर बसलेली, माझा पाय तिच्या मांडीवर, तिच्या केसांना प्रयोगशाळेतला तो स्वच्छ, काचेसारखा वास. ती एका बोटानं टाइप करायची आणि लिहिताना ओठ हलवायची. लोक सांगत एक आणि ती लिही भलतंच, पण वाचल्यावर त्यांना वाटे, हो, हेच म्हणायचं होतं. 'जिन्यात एक हातमोजा सापडला आहे, डावा. उजवा ज्याच्याकडे एकटा पडला असेल त्यानं यावं.' 'दुसऱ्या मजल्यावरच्या मांजरीला पिल्लं झाली आहेत. घेणाऱ्यानं बघायला यावं. नेईपर्यंत नाव ठेवू नये, मग देणाऱ्याला जड जातं.' ती पानं आजही तशीच आहेत. ती पिल्लं आता स्वतः आज्या झाली असतील, पण टाकीवर ती अजून नाव नसलेली, डोळे न उघडलेली, घेऊन जायला कुणीतरी येण्याची वाट बघत पडलेली आहेत.

मी ती पानं वाचते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण नववीतल्या, सगळं येत असलेल्या मुलीनं हरवलेल्या हातमोज्यांबद्दल वाचत बसणं बरं दिसत नाही. पण शाळेतून आले, बाबा दुकानात, घरात फ्रिजचा आवाज तेवढा, की माझी बोटं आपोआप तिकडे जातात. बुधवारच्या फोननंतर तर हमखास. आईचा फोन बुधवारी संध्याकाळी येतो. आई लांबच्या एका शहरात आहे, कामासाठी. मोठा जलशुद्धीकरणाचा प्रकल्प आहे, दोन वर्षांचा. दोन वर्षं केव्हाच होऊन गेली. कामासाठी हा शब्द आमच्या घरात खुंटीसारखा आहे, काहीही त्याला अडकवता येतं. ती निघाली त्याच्या आधीचे महिने ती आणि बाबा एकमेकांशी फार नम्रपणे बोलत, पाहुण्यांसारखं, मीठ देतेस का, हो घ्या ना, आणि त्या नम्रपणाची मला अजून भीती वाटते. भांडण असतं तर मी दाराआडून ऐकलं असतं. फोनवर आई विचारते जेवलीस का, शाळा कशी, बाबा कसे, आणि मी सुरू होते. मी इतकी बोलते, इतकी बोलते, बाईंची नक्कल, मैत्रिणीचं नाटक, बँडवाल्या आजोबांचा नवा कवळीचा किस्सा, आई हसते, "अगं श्वास घे," म्हणते, आणि वेळ संपते. मधे कुठे बोट घालायला फट राहत नाही. तशी ती राहू नये याची मी काळजी घेते. एकदा तिनं कॅमेरा लावला तर केस कापलेले होते, अगदी मानेपर्यंत. "हलकं वाटतं गं," ती डोकं हलवत म्हणाली, आणि मी "भारी!" म्हणाले, दोनदा म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर टाकीवर जाऊन मांजरीच्या पिल्लांचं पान उघडलं. त्या पानावर आईचा फोटो नाही. पण ते लिहिताना तिचे केस लांब होते आणि खुर्चीच्या दांडीवर बसलं की माझ्या हाताला लागत होते. ते पान कितीही वेळा उघडलं तरी तेव्हाचंच असतं.

म्हणजे माझं ठरलेलंच होतं, नाही का? स्टॅटिक. बाबांना मी सांगितलं तेव्हा ते दुकानातून घरी आणलेलं एक भिंग उजेडात धरून बघत होते, त्यांच्या बोटांना पॉलिशचा तो तुरट वास होता. "स्टॅटिकच ठेवणार मी. सोपं पडतं, सुरक्षित असतं, चटकन उघडतं." सगळी कारणं खरी होती, बाईंनीच सांगितलेली. जे कारण मी सांगितलं नाही ते असं की स्टॅटिक असलं की टाकीला एक माणूस लागतो. ती जागा राहते. मी तिथे तात्पुरती बसणार, खुर्ची गरम ठेवायला, आणि खरी बसणारी आली की उठणार. डायनॅमिकमधे अशी खुर्चीच नाही. प्रत्येकजण आपापल्या घरातून लिहिणार, मग रविवारी आमच्या दारात कोण येईल आणि कशाला? बाबा भिंग फिरवत म्हणाले, "आईला विचारलंस?" "ती कामात असते." "हं." थोड्या वेळानं म्हणाले, "तिचा वाचायचा चष्मा आता बदलायला झाला असेल. या वयात नंबर वाढतोच. कुठे करून घेतला काय माहीत." मग त्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि पुसायला लागले. मला समोरचं सगळं धूसर झालं, बाबासुद्धा. मी म्हटलं, "बाबा, कालच पुसला होता." "असू दे," ते म्हणाले.

रविवारी मी दार उघडं टाकलं. आणि काय सांगू, लोक आले! बातमी पसरलीच होती. शिंपीणमावशी आल्या, ओठात टाचण्या, मी म्हटलं, "आधी त्या काढा," आणि त्यांचे डोळे एकदम भरले, मला कळेना की मी काय केलं. त्यांना सांगायचं होतं की उरलेल्या कापडाचे तुकडे आहेत, गोधडीसाठी हवे तर न्यावेत. मी आईच्या खुर्चीत बसून लिहिलं. 'कापडाचे तुकडे आहेत, बरेच. एकेकटे काही कामाचे नाहीत.' मावशींनी वाचलं आणि म्हणाल्या, "अगदी हेच म्हणायचं होतं बघ." माझ्या छातीत तेव्हा असा काही फुगा फुगला की मला वाटलं मी खुर्चीसकट छताला लागणार. मग जाता जाता दारात त्या वळल्या. "आई कधी येणार गं?" "सुट्ट्या लागल्या की," मी म्हणाले. पटकन, हसत. कुठून आलं ते उत्तर मला माहीत नाही, विचारलं आणि तयार झालं. बँडवाले आजोबा आले, रेकॉर्डचं सांगितलं, उठताना म्हणाले, "सूनबाई कधी येते?" ते सगळ्यांनाच सूनबाई म्हणतात. त्यांना उन्हाळा सोसत नाही, ते थंडीची वाट बघत असतात, म्हणून मी म्हणाले, "थंडी पडली की, आजोबा." ते खूष झाले. चिटणीसकाकांना तारखाबिरखा आवडतात, त्यांना मी सांगितलं, "प्रकल्पाचा शेवटचा अहवाल गेला की लगेच." "उत्तम, उत्तम," ते म्हणाले. पुढच्या रविवारी आणखी लोक, आणखी उत्तरं. ज्याला जसं हवं तसं, समोरच्याचा चेहरा बघून, आतल्या आत डबे उघडून. मजा म्हणजे प्रत्येक उत्तर देताना तेवढ्यापुरतं मला ते खरंच वाटायचं. आजोबांना सांगताना मला आई स्वेटर घालून जिना चढताना दिसली होती.

फजिती व्हायची ती जिन्यात झाली. मी शाळेतून येत होते, दप्तर पाठीवर, तोंडात गाणं, आणि पहिल्या वळणावर तिघंही उभे. पाण्याच्या मीटरवरून काहीतरी चाललं होतं, पण मी पोचले तेव्हा विषय आई झाला होता. शिंपीणमावशी सांगत होत्या, "मी तिच्यासाठी ब्लाउज बेतून ठेवलाय, सुट्ट्यांत येतेय ना ती." आजोबा म्हणाले, "सुट्ट्यांत कुठे? थंडीत येतेय. मला पोरीनं स्वतः सांगितलं." "अहो, दोन्ही चूक," चिटणीसकाका म्हणाले, "अहवाल गेला की. मी समितीला तसं कळवलंय, आपण तिचा छोटासा सत्कार करणार आहोत. टाकी तिनं सुरू केली, नाही का." मग तिघांनाही मी दिसले. तीन चेहरे, तिन्हीवर वाट बघणं, आणि मला एकाच वेळी तिघांना तीन वेगळी उत्तरं द्यायची होती. माझा तो खणखणीत आवाज, ज्याला गेल्या कित्येक महिन्यांत कुणी थांबवू शकलं नव्हतं, तो जणू जिन्याच्या खालच्या पायरीवरच राहिला होता. आजोबा हळूच म्हणाले, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल, कान गेलेत माझे." कान त्यांचे उत्तम आहेत, आयुष्यभर सुरात वाजवलेल्या माणसाचे ते कान. त्यांनी माझ्यासाठी खोटं बोललेलं मला सहन होईना. चिटणीसकाका मीटर तपासायला वाकले, मीटर भिंतीच्या दुसऱ्या बाजूला होता तरी. शिंपीणमावशींनी मात्र माझा दंड धरला आणि मला वर घेऊन गेल्या, आमच्या घराच्या दारापर्यंत. "मला सांग," त्या म्हणाल्या. ओठात टाचणी नव्हती. "तुलाच माहीत नाही ना?" मी मान हलवली. "मग तिला विचार की." "तिनंच सांगायला हवं ना, मावशी." "अगं वेडे, ती म्हणत असेल हिनं विचारलं तर सांगू." त्यांनी माझा दंड सोडला. "मीसुद्धा नाही विचारलं. एवढी मैत्रीण म्हणवते. तुझ्याकडून काढत बसले. ब्लाउज बेतला, पण फोन नाही केला. मापं तरी तीच राहिलीत की नाही कुणास ठाऊक." त्यांच्या गळ्यात मापाची टेप लोंबत होती, ती त्यांनी बोटाभोवती गुंडाळायला घेतली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

शनिवार असाच गेला, गुळमुळीत. मी नवीन पानं रचून बघत होते. गंमत म्हणून, नुसतं जमतं का बघायला, मी डायनॅमिकची एक छोटी नक्कल केली आणि चाचणीसाठी आमच्याच घराची माहिती भरली. घर, मजला, राहणारे. राहणारे या रकान्यात बाबांचं नाव, माझं नाव. मग कर्सर तिथेच थांबला, उघडमीट करत. आईचं नाव मी लिहिलं. पुसलं. लिहिलं. जुन्या पानांवर ती होती, कुणी विचारो न विचारो, होतीच. इथे मात्र हे यंत्र मला विचारत होतं, आज काय परिस्थिती आहे, आणि आजचं उत्तर मागत होतं. मला त्याचा इतका राग आला की मी संगणक तसाच उघडा टाकून गच्चीवर गेले. गच्चीवर टाकी होती, खरी, काळी, उन्हानं तापलेली. मी तिला पाठ टेकून बसले. आतलं पाणी पाठीला जाणवत होतं, एक मोठं, गप्प, भरलेलं वजन. आई मला इथे आणायची, टाकीच्या झाकणातून वाकून काचेच्या नळीत पाणी घ्यायची आणि सूर्याकडे धरायची. "बघ, दिसायला किती स्वच्छ आहे. पण नुसतं बघून कळत नाही." मग काय करायचं, मी विचारायचे. "तपासायचं. आणि आज तपासलं म्हणून उद्याचं तपासायचं राहत नाही, बरं का, पाणी बदलतं." ती हे कामाचं बोलायची तसं बोलायची, मला शिकवायला वगैरे नाही, आणि मी तेव्हा काही ऐकतही नव्हते, मला फक्त तिच्या बोटांतून चमकणारी ती नळी हवी असायची.

रविवारी सकाळी मी दार उघडं टाकलं नाही. बाबा चहा घेत होते. मी त्यांना म्हणाले, "आईला फोन करतेय." "आज? आज तर रविवार." "हो." त्यांनी कप खाली ठेवला आणि ते उठून बाल्कनीत गेले, मागे दार ओढून घेतलं, पण पूर्ण लावलं नाही. फोन बराच वाजला. आई रविवारी सकाळी काय करत असते हे मला माहीत नव्हतं, मी कधी विचारलंच नव्हतं, माझ्या डोक्यात ती रविवारी सकाळी अजून आमच्याच घरात एका बोटानं टाइप करत होती. "काय गं? काय झालं? बाबा बरे आहेत ना?" तिचा आवाज धावत आल्यासारखा. "सगळे बरे आहेत. काही नाही झालं." आणि मग, सुरू होण्याआधी, बाईंची नक्कल तोंडात आलेली असताना, मी ती गिळली. "आई, तू परत येणार आहेस का?"

फोन कटला असं वाटून मी तो कानापासून दूर धरून बघितला. चालू होता. "भेटायला येणार," आई म्हणाली. "नक्की येणार, लवकर. पण राहायला..." तिनं श्वास घेतला. "राहायला नाही गं येणार मी, राणी. मी इथलं काम कायमचं घेतलंय. बाबांना ठाऊक आहे. आम्ही म्हणत होतो तुला नीट बसून सांगू, समोरासमोर." बाल्कनीचं दार हललं नाही. मला वाटलं होतं असं काही ऐकलं तर घर पडेल, भांडी वाजतील, निदान फ्रिज बंद होईल. फ्रिज चालूच होता. गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलेलं मला नंतर कळलं. "किती दिवस झाले?" "ठरवून बरेच." "मग सांगितलं का नाहीस?" "तू विचारशील म्हणून थांबले. दर बुधवारी वाटायचं, आज विचारेल. आणि तू एवढी आनंदात असायचीस, मला हसवायचीस..." तिचा आवाज ओला झाला. "चुकलंच माझं. मी सांगायला हवं होतं." "हो," मी म्हणाले. "हवंच होतं." एवढं धीट मी आईशी आयुष्यात बोलले नव्हते. ती "हो" म्हणाली. मग आम्ही दोघी नुसत्या रडलो थोड्या, नाकं ओढत, आणि मधेच ती म्हणाली, "रुमाल घे, फ्रॉकला नको पुसूस," आणि मी म्हणाले, "मी फ्रॉक घालत नाही आई, कधीपासून," आणि मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

"टाकीचं काय ठरवलंस?" तिनं विचारलं. "बाबा म्हणाले तू करतेयस." म्हणजे बाबाही तिच्याशी बोलतात तर. "डायनॅमिक," मी म्हणाले. तोंडातून निघालं तेव्हाच मला कळलं की ठरलंय. "लोक आपलं आपण लिहितील. शिंपीणमावशींना शिकवावं लागेल, पण जमेल. आणि तुझी पानं बाजूला ठेवतेय, आहेत तशी. त्यात कुणी काही बदलायचं नाही. मीपण नाही." "अगं, किती चुका आहेत त्यात!" "असू देत." ती हसली, रडताना हसतात तसं. ते हसू मी ओळखत नव्हते. जरा जाड होतं, आतून येणारं, पाहुण्यांसमोरचं नव्हे. ते मला लगेच आवडलं असं नाही. पण ते तिचं होतं, आजचं. फोन ठेवायची वेळ झाली होती, बुधवारचे फोन याच्या कितीतरी आधी संपतात, पण मला ठेवायचा नव्हता आणि सांगायलाही काही उरलं नव्हतं. सांगायचं संपलं की काय करायचं असतं? "आई," मी म्हणाले, "तुझ्या खिडकीतून काय दिसतं?" "अगंबाई. खिडकीतून?" "हो. मला माहीतच नाही." "काय दिसतं म्हणजे... समोर एक... थांब, असं आठवून नको सांगायला. उठून बघते." खुर्ची सरकली. पावलं ऐकू आली, अनवाणी. आमच्या घरात ती सपाता घातल्याशिवाय कधी चालली नव्हती. कडी अडकत असावी, कारण ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि तिनं जोर लावला, आणि मग एकदम, मी कधीच न ऐकलेला एक रस्ता फोनमधून आमच्या स्वयंपाकघरात आला. मी कान घट्ट दाबून धरला. "हं," आई म्हणाली, "ऐक."